ऋतुजा, तुझा जंतू अजून जिवंत आहे

ऋतुजा,

तुझ्या जखमेतून घेतलेला जंतू काल मी डीप फ्रीझरमधून बाहेर काढला आणि प्लेटवर पसरला. आज सकाळी इन्क्युबेटर उघडला तर तो मस्त वाढलेला. जाड, चिकट, सायीसारखा चकचकीत. तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि हा मात्र असा माजलाय. प्लेट उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं. आपटली असती तर तूच ओरडली असतीस, "बायोसेफ्टी नावाची गोष्ट ऐकलीयस का, समी?" म्हणून नाही आपटली. झाकण लावलं, हात धुतले, बाथरूममध्ये गेले आणि दारावर लाथ घातली. दाराला काहीही झालं नाही. माझा अंगठा सुजलाय.

शोकसभेत तुझ्याबद्दल लोक काय काय बोलले ते ऐकायला हवं होतंस. शांत, हसतमुख, गुणी मुलगी. मी मागच्या खुर्चीत बसून विचार करत होते की हे नक्की कोणाबद्दल चाललंय. शांत? सेमिनारमध्ये सिनियरनं आलेख दाखवला की तुझा हात वर. "कंट्रोल कुठाय?" म्हणजे तुलनेला, काहीच न लावलेला नमुना कुठाय. तो बिचारा म्हणाला होता, "अगं, ते ऑब्व्हियस आहे." त्यावर तू म्हणालीस, "ऑब्व्हियस होतं तर प्रयोग कशाला केलास? घरी बसून कविता करायच्या." त्यानं पुढचे कित्येक दिवस आपल्याला सेंट्रिफ्यूज वापरू दिला नाही. शोकसभेत सगळ्यात जास्त तोच रडला.

तू रागीट होतीस आणि तुझा राग नेमका होता. हे कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतेय.

तुझ्या वडिलांची, आबांची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, कॅन्टीनमध्ये, पोहे खाताना. त्यांना साखरेचा त्रास, पायाला साधी जखम, आणि मग तो पाय सडत गेला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही. तू तेव्हा बीएस्सीला होतीस. विचारलंस, "कुठलं कुठलं देऊन बघितलं?" ते म्हणाले, "बाळ, तू बाहेर थांब." तू बाहेर थांबलीस आणि आत ड्रेसिंग चालू असताना आबांचं ओरडणं ऐकत राहिलीस. तालमीत वाढलेला माणूस, खांद्यावर पोतं घेऊन पळणारा, तो आईच्या नावानं ओरडत होता. "मला डॉक्टरचा राग नाही," तू म्हणालीस, "जंतूचा आहे. पर्सनल." आणि उरलेले पोहे संपवलेस.

तिथून तू फेजकडे आलीस. जंतूंना खाणारे विषाणू. डोळ्याला काय, साध्या मायक्रोस्कोपलाही दिसत नाहीत. जिथे घाण जास्त तिथे जंतू जास्त, आणि जिथे जंतू जास्त तिथे त्यांना मारणारेही जास्त. म्हणून खराडीचा नाला नदीला मिळतो तिथलं पाणी तुला तीर्थासारखं प्रिय. लोक नाकाला रुमाल लावून जायचे आणि तू बांबूला बाटली बांधून वाकलेली असायचीस.

विज्ञान दिनाला शाळेतली मुलं आली होती, आठवतं? तू त्यांना फेज समजावत होतीस. "हा जंतूवर उतरतो, पाय रोवतो, भोक पाडतो, आपला डीएनए आत सोडतो. मग जंतू स्वतःचं काम विसरतो आणि मारेकऱ्याचीच पिल्लं बनवत बसतो. पोट गच्च भरतं, आणि..." तू मोहरी भरलेला फुगा टाचणीनं फोडलास. पहिल्या रांगेतली मुलगी रडायलाच लागली. त्यांचे सर म्हणाले, "मॅडम, जरा सौम्य सांगा ना." तू म्हणालीस, "जंतूला सौम्य सांगून झालंय सर. ऐकत नाही."

तुझ्या प्रत्येक फेजला पैलवानाचं नाव. प्लेटवर जंतूंची साय धरलेली असते, त्यात फेजनं मारलं की गोल स्वच्छ भोक पडतं. असं भोक दिसलं की तू लॅबभर ओरडायचीस, "चितपट!" सगळ्यांत लाडका भैरू. त्याची भोकं मोठी, काठ साफ.

आणि मी जंतूची वकील. हे नाव तूच ठेवलंस. माझं काम होतं जंतू फेजपासून स्वतःला कसे वाचवतात ते बघायचं. मी म्हणायचे, "तुझा भैरू आज मारतोय. उद्या जंतू आपलं कातडं बदलेल आणि भैरूला धरायला जागाच राहणार नाही. तुझी गोष्ट औषधांसारखीच संपणार." तू म्हणायचीस, "जंतू बदलेल तर मी नवा पैलवान आणीन. नाला आटलाय का?" या एका मुद्द्यावर आपण बसमध्ये भांडलो, मेसमध्ये भांडलो, तुझ्या वाढदिवसाला केक कापायचा सोडून भांडलो. आपल्या गाइड मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "तुम्हा दोघींना वेगवेगळ्या लॅबमध्ये ठेवते." आपण दोघी एकदम म्हणालो, "नको."

आता त्या रविवारबद्दल. पोलिसांना मी सगळं सांगितलंय, न्यायाधीशांना पुन्हा सांगेन. पण तिथे मला "हल्ला" म्हणावं लागतं, "आरोपी" म्हणावं लागतं. तुला मी आपल्या भाषेत सांगते, कारण मधलं बरंच तुला आठवत नव्हतं आणि तू विचारलंस तेव्हा मी टाळलं होतं.

सकाळी आपण नाल्याचं पाणी आणलं. तुझ्या अंगणात नळावर हात धूत होतो. तुझी आई, माझ्या काकू, भाकरी थापत होत्या. तुझे चुलते आले आणि मागून अमोल. तुझा चुलतभाऊच तो, मला वाटलं चहाला आला असेल. चुलत्यांनी बाजेवर कागद ठेवला. हक्कसोड. आबांच्या वाट्याची जमीन तू आणि काकूंनी सोडून द्यायची म्हणजे बिल्डरशी बोलणं पुढे सरकणार.

"ऋतू, बाळा, सही कर. तुला काय करायचीय जमीन? उद्या लगीन करून जाशील."

"काका, मी सही करणार नाही हे मागच्या वेळी सांगितलंय. आईनं कुठं जायचं?"

"वयनीला आमी हाय की."

"तुम्ही आहात म्हणूनच विचारतेय."

तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर इथे थांबली असती. तू थांबली नाहीस. म्हणालीस, "आबा दवाखान्यात असताना तुम्ही किती वेळा आलात, काका?" अमोलनं तुझे केस धरले. खरंच केस धरले आणि तुला फरपटत बाजेपर्यंत नेलं. पेन तुझ्या बोटांत कोंबायला लागला. तू त्याच्या मनगटाला चावलीस. रक्त येईपर्यंत. तो बोंबलला, मागे झाला, आणि भिंतीशी कडबा तोडायचा कोयता होता तो त्यानं उचलला.

तू हात वर केलास. पहिला घाव हातावर बसला, कोपराच्या खाली. दुसरा खांद्यावर. आवाज मला अजून ऐकू येतो. ओलं लाकूड फोडल्यासारखा. तुझं तोंड उघडं होतं पण ओरडत काकू होत्या. चुलते "आरं आरं" करत नुसते उभे होते.

मी काय केलं ते तुला नंतर काकूंनी सांगितलं, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. नाल्यावर नेलेला बाटलीचा बांबू माझ्या हाताशी होता. मी तो दोन्ही हातांनी धरून अमोलच्या कानावर घातला. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारलं. पुन्हा. मी आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती. तो पडला होता, कोयता हातातून सुटला होता, आणि तरी मी मारत होते, आणि ऋतुजा, मला बरं वाटत होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. काकूंनी मला मागून मिठी मारून थांबवलं. "समीना, पोरीकडं बघ गं, पोरीकडं बघ." मग मी तुझ्याकडे बघितलं. माझी ओढणी तुझ्या हाताला आवळून बांधली. ती लगेच भिजली.

हॉस्पिटलात रक्त लागलं. खडकीहून अब्बा आले, माझे दोन मामा आले. अब्बांनी बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "लवकर घ्या, पोरगी बोलायची थांबली तर घर सुनं होईल." तू वाचलीस. ऑपरेशन नीट झालं. तू शुद्धीवर आलीस आणि पहिलं काय विचारलंस? "सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवलंस ना?"

मला वाटलं, संपलं. वाईट होतं ते होऊन गेलं.

मग ताप चढला. पट्टी सोडली तर हिरवट पू आणि तो वास. हा जंतू कोयत्यावरचा नव्हता, मोठ्या दवाखान्यांत राहून औषधं पचवायला शिकलेल्या जातीचा होता. तू रिपोर्ट मागितलास. प्रत्येक औषधापुढे इंग्रजी आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. तू एकामागून एक वाचत गेलीस, "र्र, र्र, र्र, र्र," आणि हसलीस. "ट्रॅक्टर चालू होत नाहीये समी." मला हसू आलं नाही. मग तू गंभीर झालीस आणि म्हणालीस, "मला माझा जंतू आणून दे. म्हणजे लॅबमध्ये ने. सगळ्या पैलवानांसमोर सोड."

सर्जनना विचारून मी नमुना नेला. एकट्या भैरूनं भोकं पाडली. मोठी, स्वच्छ. मी मॅडमना हात धरून प्लेटपाशी ओढत आणलं.

पण आपल्या दोघींनाही ठाऊक होतं की ती बाटली जशीच्या तशी माणसाला देता येत नाही. फुटलेल्या जंतूंचा चोथा त्यातच असतो, तो रक्तात गेला तर तोच जीव घेतो. मॅडम आणि मी ते गाळत राहिलो, धूत राहिलो, पुन्हा तपासत राहिलो. इकडे परवानगीसाठी दवाखान्याची कमिटी बसली. तिकडे रोज तुझ्या हाताचं काळं पडलेलं मांस कापत होते. मी दाराबाहेर उभी असायचे. तू कोणाच्याही नावानं ओरडली नाहीस. शिव्या दिल्यास. खराडीच्या अस्सल शिव्या, त्याही जंतूला, त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव घेऊन. सिस्टर म्हणाल्या, "कुठली भाषा आहे ही?"

कमिटीनं अर्धी परवानगी दिली. जखमेवर चालेल, रक्तात नाही. चुकीचे नव्हते ते. त्यांच्याकडे आधी कोणी केलेलं नाही, आणि तुला काही झालं तर जबाबदारी त्यांची. हे मला समजतं आणि तरीही त्या टेबलावरचे चहाचे कप आठवले की माझ्या मुठी वळतात.

आणि मग आपलं शेवटचं भांडण.

"दोन जखमा आहेत," तू म्हणालीस. ताप होता, ओठ फुटले होते, डोळे मात्र लॅबमधले. "हातावर भैरू लावा. खांद्यावर नुसतं सलाईन."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"कंट्रोल, समी. दोन्हीकडे लावलंत तर बरं झालं ते कशानं झालं, कळणार कसं?"

"तू उंदीर आहेस का?"

"उंदराला दोन जखमा करायला परवानगी लागते. माझ्या फुकट झाल्यात."

"ऋतुजा, बास कर. तू मरशील."

"ते बघू. पण कारण कळायला पाहिजे ना."

मी सर्जनना सांगितलं, तिचं ऐकू नका. ते तसंही ऐकणार नव्हते. दोन्ही जखमांवर भैरूचं ड्रेसिंग झालं. तू भिंतीकडे तोंड केलंस. "तुम्ही माझा प्रयोग वाया घालवलात," एवढंच बोललीस, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. काकूंकडून पाणी मागायचीस, माझ्याकडून नाही. मी बाजूला बसून असायचे. जखमा सुधारत होत्या. वास गेला, कडेला गुलाबी मांस दिसायला लागलं. मी ते काकूंना दाखवत होते तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते, पण तू ऐकत होतीस. मला माहीत आहे, कारण तुझी एक भुवई वर गेली. "पुरावा काय?" म्हणताना जायची तशी.

जंतू तोवर रक्तात गेला होता. तिथे भैरूला जायची परवानगी नव्हती. सकाळी तुझा रक्तदाब पडला, दुपारी किडन्या थांबल्या. डॉक्टर तुझ्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देत होते आणि मला तुझ्या बरगड्यांचा आवाज आला. मी ओरडले, "हळू!" जणू त्यानं काही फरक पडणार होता. मग ते थांबले.

चुलत्यांनी खडकीला माणूस पाठवला होता, हे तुला सांगायचं राहिलंय. तुमची पोरगी साक्ष देणार नाही असं बघा, उगाच कशाला दुसऱ्यांच्या भावकीत. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तिनं जे बघितलं ते ती सांगणार. चहा घेणार असाल तर बसा. नसाल घेणार तर आपल्या चपला दाराबाहेर आहेत." तो गेला. अब्बा नंतर बराच वेळ गॅलरीत उभे होते. रात्रीचं जेवले नाहीत.

आणि दहाव्याला तुझ्या काकांची हिंमत बघ. नदीवर आले, पांढरी टोपी घालून, डोळे पुसत. काकू उठल्या. कोणाला वाटलं, पाया पडतायत. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि सगळ्या भावकीसमोर त्यांच्या तोंडावर हाणली. एकदा नाही. टोपी पाण्यात गेली. लोक धरायला धावले तर म्हणाल्या, "मला धरताय? तवा अंगणात कोण हुतं धरायला? माझ्या पोरीनं सही केली न्हाय. आता मी बी मेल्याबिगर करायची न्हाय." कोणी पुढे आलं नाही. भटजी मंत्र विसरले.

आता माझ्याकडची बातमी. तू बोलत नव्हतीस तेव्हाही मी रोज तुझ्या जखमेचा नमुना घेऊन ठेवत होते. कालच पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या दिवसाचा, दोन्ही जंतू आणखी दोन प्लेटवर शेजारीशेजारी पसरले होते आणि दोन्हींवर भैरू सोडला होता. आज पहिल्या दिवसाच्या प्लेटवर भोकंच भोकं. शेवटच्या दिवसाच्या प्लेटवर भोकं थोडी, आणि भोकांच्या आत बारीक बारीक ठिपके. वाचलेले. कातडं बदललेले. माझं म्हणणं खरं ठरलं, ऋतुजा. वकील जिंकली. असं जिंकणं कोणाला नको.

पण नीट ऐक, कारण हे मी तुझ्यासाठी केलंय. हे बदललेले जंतू आधी जवळजवळ नव्हतेच. मग एकदम एवढे कुठून आले? बाकीचे कोणीतरी मारले म्हणून यांना जागा मिळाली. म्हणजे भैरू तुझ्या जखमेत खरंच मारत होता. नुसत्या ड्रेसिंगनं ती सुधारत नव्हती. तुझा खांदा कोरा ठेवला नाही मी, ठेवूही दिला नसता, पुन्हा वेळ आली तरी नाही ठेवू देणार. पण तुझ्या प्रश्नाचं थोडं तरी उत्तर पहिल्या दिवसाच्या जंतूनं दिलंय. "एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही," तू म्हणशील. म्हण ना. एकदा म्हण.

मी प्लेट समोर घेऊन रडत बसले होते तेव्हा मॅडम काकूंना घेऊन आत आल्या. काकू तुझं सामान न्यायला आल्या होत्या. तुझा डबा, लॅब कोट, स्वेटर. त्यांनी पिशवी भरली आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"समीना, त्यो कुठं हाय?"

"अमोल कोठडीतच आहे, काकू. जामीन नाही झाला."

"त्यो न्हवं. ज्यानं माझी पोर आतनं खाल्ली त्यो."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केलेली प्लेट काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. शेतातली कीड बघावी तशी बघत राहिल्या.

"ही भोकं कसली?"

"तिथले मेले, काकू. ऋतुजाच्या फेजनं मारले."

"आन् ही मदी बारकी बारकी?"

"ती वाचलीत. त्यांना हे औषध आता चालत नाही. दुसरं शोधायला लागेल."

काकूंनी प्लेट मुठीत आवळली. मला वाटलं, फेकतात आता. मी पुढे झाले. त्यांनी प्लेट हळूच टेबलावर ठेवली, पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं, लहानपणी अम्मी पुसायची त्याहून जोरात, आणि म्हणाल्या,

"मंग बसलीस काय? ऊठ."